पहिल्या आंघोळीचा साबण

सासरे गुलाबी झाले. पण तसं काही झालेलंच नाही, असं घरात सकाळीच ठरलं.

मृण्मयी त्यांच्या पसंतीची सून नव्हती. सहा महिने ते तिच्याशी बोलत नव्हते. चहा हवा असला तरी फ्रीजला सांगत. त्यांचं मन वळावं म्हणून तिने व्हिडिओ बघून दिवाळीच्या आंघोळीसाठी घरीच साबण केला आणि शोभेला त्यात रांगोळीचा रंग मिसळला.

"उटणं काय वाईट होतं गं?" सासऱ्यांची मान काथ्याने घासत सासूबाई म्हणाल्या. फराळाला आलेले शेजारी चकलीकडे बघूनच बोलले.

संध्याकाळी निवृत्त हेडक्लार्क सासऱ्यांनी तिच्यासमोर कागद आपटला. तिला उद्देशून त्यांचे ते पहिलेच शब्द होते: "तरी अर्जदाराचा मूळ रंग पाडव्यापूर्वी पूर्ववत करून मिळावा, ही विनंती."