पडवीतले दोन घाव

"लाकडं न फोडताच निघून गेले, कसली माणसं ही!" बुटांवरचा बर्फ झटकत माझा नवरा झ्वोने कानाशी कुरकुरला. डोंगरावरच्या या हिवाळी खोलीला कुलूप नसतं, थंडीत कुणीही वाटसरू येऊन राहावा म्हणून. जाणाऱ्याने पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवायचं, एवढीच रीत.

मिलेनाही आमच्यासोबत होती. तिचा नवरा गोराज्द गेल्या हिवाळ्यात आम्हा दोघांबरोबर स्की करायला आला आणि परतला नाही. वरच्या उतारावरून पडला, खोलीपर्यंत पोचलाच नाही, असं आम्ही तिला सांगितलं होतं. तिला तो उतार एकदा बघायचा होता.

चहा उकळत होता, तेवढ्यात मागच्या पडवीतून कुऱ्हाडीचा आवाज आला. दोन घाव. मग शांतता. पुन्हा दोन घाव.

"वाऱ्याने फळी आपटतेय," झ्वोने म्हणाला.

मिलेना जाऊन आली ती फोडलेल्या लाकडांचा भारा घेऊनच. "तिथे कोणी नाही. बर्फात पाऊलसुद्धा नाही. पण वास घ्या, आत्ता फोडलीत." तिने भारा झ्वोनेच्या पायांवर आदळला. "दोन घाव घालायचे आणि दम खायचा, ही माझ्या नवऱ्याची खोड. तो इथे पोचलाच नव्हता ना रे?"

"वेड लागलंय का तुला? बस खाली!"

पडवीत पुन्हा दोन घाव पडले. मला संताप आला. झ्वोनेचा, माझा, वर्षभर तिच्या घरी नेलेल्या अक्रोडाच्या केकचा.

"पोचला होता, मिलेना," मी म्हणाले. "गुडघा मोडला होता, पण जिवंत होता. आम्हीच त्याला टाकून गेलो."