पोशाखाची चाचणी

यवतमाळच्या बैठकीत संशोधक अश्वजितने निष्कर्ष वाचला: कीटकनाशक फवारताना मजूर सरकारी प्लास्टिकचा पोशाख अंगावर ठेवीत नाहीत, कारण उन्हात त्यात जीव गुदमरतो, म्हणून पोशाखाचे वाटप थांबवून जहाल औषधावरच बंदी घालावी. “कसला गुदमरतो? माजलेत लेकाचे!” उपसंचालक कडाडले. साक्षीला आलेला, दोनदा विषबाधा झालेला मजूर बादल उठला. “साहेब, तुमीच घालून पाहा ना एकडाव!” सभागृह हसले. चिडलेल्या साहेबांनी पंख्याखालीच पोशाख चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि हसून फोटो काढवून घेतला. पोशाख उतरवला, तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. अश्वजितला वाटले, आता पटले असेल. साहेबांनी मान पुसत इतिवृत्त लिहवले: “पोशाख स्वतः वापरून पाहिला, समाधानकारक. वाटप चालू, बंदी अनावश्यक.” तोच ओला पोशाख त्यांनी बादलच्या अंगावर फेकला. “पहिला लाभार्थी तूच.”