सुरुंगांतली वाट

"मागे फिरा, नाहीतर जहाज जप्त होईल," समोरच्या युद्धनौकेवरून वायरलेसवर दरडावणी आली. नाकाबंदीत अडकलेल्या बंदराकडे औषधं घेऊन निघालेल्या कॅप्टन नफीसा पारकरनं इंजिन थांबवायला सांगून माइक उचलला.

"नाकाबंदी तुमचा हक्क असेल," आवाज शांत ठेवत ती म्हणाली, "पण रुग्णांची औषधं अडवायला कायद्याची परवानगी नाही. झडतीला मात्र आहे. शिडी सोडते, या."

नौदलाच्या अधिकाऱ्यानं वर येऊन खोकी उघडली आणि वायरलेसवर वरिष्ठांना विचारलं. पलीकडून नकारच आला.

"सर, इथे फक्त औषधं आहेत," तो म्हणाला. "परत पाठवायची तर लेखी हुकूम द्या."

लेखी हुकूम द्यायला पलीकडे कोणी तयार नव्हतं; जाऊ द्या, असं उत्तर आलं. मग "येस सर" म्हणून तो नफीसाकडे वळला.

"कॅप्टन, पुढे पाण्यात सुरुंग आहेत. आमच्या बोटीच्या मागोमाग या."