उजवीकडे वळवलेली मान

चार वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला भूलतज्ज्ञांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका आईचं होतं. तिचा मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. हृदय ठणठणीत झालं, पण उजवा हात काही चालेना. 'घरात सगळे म्हणतात, पोटात असताना माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही त्याच्या उशाशी होतात. तेव्हा काही झालं होतं का?' त्यांनी जुने कागद काढून तीनदा वाचले. रक्तदाब नीट, नाडी नीट, सगळं नीट. तसं कळवलं असतं तर तिलाच दोष द्यायला घरच्यांना आयतं निमित्त सापडलं असतं, आणि दुसरं कळवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. पत्र एका पुस्तकात राहिलं.

आज टेबलावर सात आठवड्यांची मुलगी होती. तिच्या कपाळावर डावीउजवीकडे दोन चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्या पट्ट्यांमधून मेंदूला किती प्राणवायू मिळतोय ते नवं यंत्र आकड्यांत दाखवत होतं. डावीकडे अडुसष्ट, उजवीकडे एकोणसत्तर. यंत्र कालच आलं होतं.

"एवढ्याशा डोक्यात काय वाचणार, मास्तर?" सर्जन म्हणाला. भूलतज्ज्ञ फावल्या वेळात कायम पुस्तकात डोकं खुपसून असत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. "अजून एक अक्षर लिहिलेलं नाही त्यात."

मास्तर मास्कच्या आत हसले.

मुलीचं हृदय थांबवलं. रक्त फिरवायचं काम पंपाने घेतलं. सर्जनचं कोपर श्वासाच्या नळीला लागू नये म्हणून मास्तरांनी नेहमीप्रमाणे मुलीची मान उजवीकडे वळवली. दोन बोटांनी, झोपलेल्या नातवंडाची वळवावी तशी.

डावा आकडा एकसष्ट झाला. मग चोपन्न.

त्यांनी पंप चालवणाऱ्या बाईंना विचारलं. दाब उत्तम आहे, रक्तही हवं तेवढं जातंय, त्या म्हणाल्या. पट्टी सुटली असेल, सर्जनने वर न बघता सुचवलं. मास्तरांनी पट्टी दाबली. सेहेचाळीस. पट्टी नीट दिसावी म्हणून त्यांनी मान सरळ केली. आकडा थांबला, जरा घुटमळला आणि चढू लागला. बावन्न. साठ. सदुसष्ट. म्हणजे पट्टीच होती तर. त्यांना हायसं वाटलं, आणि त्यांच्या हाताने आपसूक ती मान पुन्हा उजवीकडे वळवली.

साठ. त्रेपन्न.

मान झटकन सरळ करून त्यांनी दोन्ही तळवे मुलीच्या कानांशी लावले. मान वळली की गळ्यातली शीर दबते. डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, मग ताजं रक्त वर कसं चढणार? विद्यार्थी असताना पुस्तकात वाचलेलं, आणि डावा मेंदू उजवा हात चालवतो हेही. दाब ते सांगत नव्हता, नाडी सांगत नव्हती, आणि आजवर दुसरं कोणी सांगणारं नव्हतं.

"मास्तर, मान वळवा. कोपर लागतंय."

"नाही."

सर्जनचे हात थांबले. मास्तरांच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. "वीस वर्षं वळवताय की," तो म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "वळवतोय."

पंपवाल्या बाईंनी आकड्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि नजर खाली केली. सर्जन अर्धं पाऊल सरकून उभा राहिला. शेवटचा टाका पडेपर्यंत मास्तरांनी तळवे काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगी जागी झाली. त्यांनी तिच्या उजव्या मुठीत बोट दिलं. तिने ते घट्ट धरलं. एरवी एवढ्यावर ते खुशीत घरी गेले असते. ते परिचारिकेच्या टेबलाशी बसले आणि कोरा कागद मागितला.

पहिलं वाक्य लगेच आलं. 'तुमचं काही चुकलं नव्हतं.' दुसऱ्याला तासभर लागला. त्याआधी त्यांनी 'कदाचित' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नक्की त्यानेच झालं असं कोणीही सांगू शकणार नव्हतं, हे खरंच होतं. ते त्यांनी लिहिलं, पण सगळ्यांत शेवटी. दुसरं वाक्य होतं, 'त्याची मान मी वळवली होती.' खाली पूर्ण नाव आणि घरचा पत्ता.

टपालपेटी दवाखान्याच्या फाटकाशीच होती. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, पण हातातून सुटेना. आपण तोंड फिरवून उभे आहोत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी मान सरळ केली आणि पाकीट सोडलं.