मुकुटाची तिकिटं

"स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या मुकुटात जायचं तिकीट कित्येक महिने आधी काढावं लागतं, आण्णा," प्रियदर्शिनी म्हणाली. "खालच्या बेटाचं कधीही मिळतं. वरचं नाही."

"मग काढून ठेव," मानसिंगआण्णा फोनवर म्हणाले. "लिफ्ट हाय का?"

"अर्ध्यापर्यंत. पुढं अरुंद जिना."

"पाठीवर पोतं नसलं की जिना कसला, पळत चढीन मी. तुझ्या आईचं काय ते बघ."

ती हसली. आण्णांनी उभा जन्म वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात घालवला होता, आणि आता कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत बसून ते लेकीबरोबर अमेरिका ठरवत होते. नायगाराच्या बोटीत रेनकोट फुकट देतात, मोठ्या दरीच्या कडेला संध्याकाळी थंडी वाजते म्हणून स्वेटर घ्यायचा, एवढं आता त्यांना पाठ झालं होतं.

प्रियदर्शिनीला तर सगळंच पाठ होतं. तिचं कामच ते होतं. फक्त ती ते घरी सांगितलं होतं तसं न्यू जर्सीतून नाही, ऐरोलीतून करत होती. एका आयटी पार्कमध्ये कानाला हेडफोन लावून ती अमेरिकन लोकांना त्यांच्याच देशातली तिकिटं काढून द्यायची. आईवडिलांचं घर तिथून तीन स्टेशनांवर होतं.

लग्न करून ती खरंच गेली होती. वसाहतीच्या नाक्यावर केवढा फ्लेक्स लागला होता. तिच्या फोटोमागं ती मशाल धरलेली बाई, खाली शुभेच्छुकांची नावं. वर्ष व्हायच्या आतच कळलं, की नवऱ्याचा, कुलदीपचा, तिकडं आधीचाच एक संसार आहे. ती परत आली ती थेट मितालीकडं, कॉलेजातल्या मैत्रिणीकडं. त्या फ्लेक्सखालून बॅगा ओढत घरी जायची तिची छाती झाली नाही. म्हटलं, जरा सावरू, मग सांगू. आणि ते सांगणं राहून गेलं ते गेलंच. संध्याकाळी कामाला निघण्याआधी ती आण्णांना फोन करायची आणि तिकडची सकाळ कशी आहे ते सांगायची.

खोली मितालीनं बघून दिली, डबाही तिनंच लावून दिला. एका बाईंकडचा, घरगुती. शहाजी नावाचा माणूस तो स्कूटरवरून आणून द्यायचा. वांगं खाल्लं की प्रियदर्शिनीचे ओठ सुजायचे, पण या डब्यात वांगं कधी आलं नाही, तेवढं एक नशीब चांगलं. आदल्या दिवशीचा डबा ती धुऊन परत द्यायची आणि देताना आत चिमूटभर साखर टाकायची. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, असं आईनं लहानपणापासून अंगी बाणवलं होतं. मेसच्या डब्यात कुणी साखर घालतं का, म्हणून मिताली चेष्टा करायची. पण आईचं म्हणून रोज पाळता येईल असं तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

"तो फ्लेक्स कवाच काढला बरं का," आण्णा एकदा मधेच म्हणाले.

"हो?"

"कोण गेलं, कोण आलं, लोकांच्या ध्यानात बी ऱ्हात नाय. तुला कट्टाळा आला तर ये निघून."

"रजा नाही मिळत, आण्णा."



"बरं," आण्णा म्हणाले. "मग त्या बोटीचं सांग."

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख जवळ आली तशी तिची झोप उडाली. व्हिसा मिळाला तर दोघं विमानात बसणार, आणि तिकडं उतरल्यावर त्यांना घ्यायला कुणीच नसणार. म्हणजे त्याआधी सगळं सांगावं लागणार. तिनं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी आण्णा फोन उचलताच म्हणाले, "नाय दिला."

"काय?"

"व्हिसा नाय दिला. कारण कुठं सांगत्यात ते. जाऊ दे, तू काय मनाला लावून घिऊ नगंस."

तिचा जीव भांड्यात पडला. आणि आपला जीव भांड्यात पडला याचीच तिला लाज वाटली.

"तुझी तिकिटं फुकट गेली गं," आण्णा म्हणाले.

"नाही, परत करता येतात ती," ती कशीबशी म्हणाली. तिकिटं तिनं काढलीच नव्हती.

मग आईनं फोन घेतला. रंगूबाईंना फोनवर फारसं बोलता यायचं नाही. "जेवत जा वेळंवर," एवढंच त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर प्रियदर्शिनी खाली फरशीवर बसून रडली. बाहेर शहाजीनं हॉर्न वाजवला तेव्हा ती उठली, डबा घाईघाईनं धुतला, फडक्यानं पुसला, झाकण लावलं आणि त्याच्या हातात दिला. नवा डबा घेऊन ती कामाला गेली. तिथं तो दुसऱ्याच एका मुलीनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती अजून अंथरुणातच होती, तेव्हा फोन वाजला. आण्णांचा होता. ते स्वतःहून कधीच फोन करत नसत. तिकडं तुझी निजायची वेळ असंल, म्हणायचे.

"काय झालं आण्णा? आई बरी आहे ना?"

"काल डबा नुसताच आला गं," आण्णा म्हणाले. "साखर नव्हती. तवापासनं तुझ्या आईनं पाणी बी घेतलं नाय. बरी हायेस न्हवं?"