तीस हजार एकतीस

“सर, कशावरून?”

तीस हजार एकतीस ही मूळ संख्या, असं सर म्हणाले की एवढंच विचारायचं होतं. पैज संत्रागोळ्यांच्या एका पुडीची होती. शामलासकट अख्खा मागचा बाक श्वास रोखून बसला होता, कारण आनंदराव सरांना दहावीच्या वर्गात कोणी ‘कशावरून’ विचारत नसे. त्यात विचारणारी चारुशीला सरांचीच मुलगी.

सर फळ्याकडे वळले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सगळ्यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला.

“आता यांतल्या कशानंही भागा, एक उरतोच. म्हणून तीस हजार एकतीस ही मूळ संख्या. हिला दुसरं कोणी भागत नाही. बस खाली.”

चारुशीला बसली. पण ‘कशावरून’ एकदा तोंडात आलं की जात नाही. तेराच्या पुढच्यांचं काय? भूगोलाच्या तासाला तिनं वहीच्या मागच्या पानावर सतरानं भागून पाहिलं. मग एकोणीस, तेवीस, एकोणतीस. प्रत्येकानं काही ना काही बाकी ठेवली. एकोणसाठ मात्र सरळ आत शिरला. पाचशे नऊ वेळा. बाकी शून्य.

उलटा गुणाकार करून पाहिला. दोनदा. मग तिनं पानावर तळहात ठेवला.

“काय निघालं वं?” शामलानं विचारलं.

“काही नाही.”

गणित सुटल्यावर असा घाम तिला कधी फुटला नव्हता. सांगावं, तर चाळीस पोरींसमोर बाप खोटा. न सांगावं, तर चाळीस वह्या खोट्या.

संध्याकाळी घरी तिनं पान बाबांपुढे धरलं. त्यांनी पाहिलं. पडताळायला पेन्सिलही मागितली नाही.

“ठाऊक आहे मले,” ते म्हणाले. “बारा वर्षांपासून.”

“मंग सांगून काहून नाही राहिले?”

“नोकरीच्या पहिल्या वर्षी इन्स्पेक्टरपुढे हेच शिकवलं. त्यानं पाठ थोपटली. महिन्याभरानं मले एकोणसाठ सापडला. शिकवणं बदललं असतं, तर काहून बदललं ते सांगावं लागलं असतं.” आनंदराव खाटेच्या कडेला बसले. “दुसऱ्या मास्तरची चूक त्याची एकट्याची असते, पोरी. माही झाली असती अख्ख्या समाजाची. धम्माची दीक्षा घेतली, मास्तरकी घेतली, अन् साधा भागाकार येत नाही, म्हणाले असते.”

चारुशीलेची आई, सिंधूताई, मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “झाक वं ते पान. इतके वर्स झाकलंच ना त्याईनं.”

चारुशीलेनं बाबांकडे पाहिलं. बाहेर सगळ्यांना दटावणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला होता.

तिनं पान झाकलं नाही.

“बाबा, उद्या मी फळ्यापाशी येणार आहे,” ती म्हणाली. “म्हणू द्या लोकायले, ह्यायचा मास्तर चुकला. पण पकडलं ह्यायच्याच पोरीनं, हेही त्यायले म्हणावं लागन.”