पूजलेला उंबरा

वाटणी झाली, जुन्या घराची दुरुस्ती निघाली, आणि दोघा भावांच्या घरांमधलं दार विटांनी बुजवायचं ठरलं. संध्याकाळी चिंताकी गावच्या शेतावरून परतलेला थोरला आप्पाराव बुचकळ्यात पडला. भिंतीला गिलावा झालेला, दार मात्र उघडंच! “मिस्त्री, हे कामून सोडलास?” “अण्णा, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं दिसलं. पूजलेल्या उंबऱ्यावर विटा कशा ठेवू? वाटलं, बेत बदलला तुमचा.” आप्पारावानं बायकोकडं पाहिलं. “व्हय, मीच वाहिलं,” कलाबाई म्हणाली. “वीस वर्षं ओलांडला, निरोप नको द्यायला?” “आता बुजवायचं का न्हाई?” त्यानं विचारलं. उंबऱ्याशी वाकून ती पुटपुटली, “मी तर आपल्याच बाजूनं वाहिलं. तिकडच्या कडेला कुंकू कुणी लावलं?” तेवढ्यात पलीकडून धाकट्या धनराजचा आवाज आला. तोही बायकोला विचारत होता, “आता बुजवायचं का न्हाई?” मिस्त्रीनं थापी धुवायला घेतली.